गाड्याला पुढं गाव नव्हतं

धाकट्याला पुरून दादा घरी आले तेव्हा मायला उलट्या लागल्या होत्या आणि चुलतीनं घरातली भरलेली घागर उंबऱ्यावर उपडी केली होती. पाणी ओसरीवरून वाहत दादांच्या पायापर्यंत आलं. त्यांच्या पायाला अजून खड्ड्याची माती होती.

"वैनी, येड लागलं का? ती पाणी मागायली आन् तुमी पाणी सांडायल्या?"

"हे पाणी तिला द्यायचं न्हाई," चुलती म्हणाली. "घरात कुणीच प्यायचं न्हाई. त्या पाण्यात गाडा हाय."

दादांनी आधी मागं वळून दार लावलं. मग म्हणाले, "गाडा गेला."

"गेला न्हाई, भावजी. बाभळीत अडकलाय. तुमाला बी दिसायलाय, मला बी दिसायलाय. समद्या गावाला दिसायलाय."

दादा म्हणजे माझे वडील, धाकटा म्हणजे माझा भाऊ. मारकुटे नव्हते. चुलती त्यांच्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको, तिच्याशी ते नेहमी खाली बघून बोलायचे. त्या दिवशी त्यांनी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारलेला हात मी पाहिला. माय कोपऱ्यात पडली होती. तिचे डोळे खोल गेले होते, आवाज बसला होता. ती नुसते ओठ हलवून पाणी मागत होती. ती जगते की धाकट्यामागं जाते, एवढाच प्रश्न घरात उरला होता, आणि घरात दुसरं पाणी नव्हतं.

एवढ्याशा बोलण्यावर हात का उगारला, हे कळायला आमचं गाव कसं होतं ते आधी सांगावं लागतं.

गाव गंगथडीचं, पालमच्या अंगाचं. गोदावरीला आमच्याकडं गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. ही गंगा पश्चिमेकडून येते, काळ्या खडकावर आदळते, वळते, गावाला सगळा वळसा घालते आणि जिथून वळली तिथंच जवळपास परत येते. त्या वळशात आम्ही. तिन्ही बाजूंनी पाणी आणि एका बाजूला जमिनीची अरुंद पट्टी. त्या पट्टीला 'मान' म्हणायचे. मानेतून एक ओढा होता. उन्हाळ्यात त्यात शेळीसुद्धा पाय न भिजवता जायची. पावसाळ्यात गंगा चढली की तिचं पाणी ओढ्यात उलटं शिरायचं आणि रस्ता बुडायचा. मग लोक म्हणायचे, "मान बुडाली." मान बुडाली की गाव जगातून उठलं. कुणी यायचं नाही, कुणी जायचं नाही. आजारी असेल त्यानं घरात बरं व्हावं नाहीतर घरात मरावं. गावात एक डोंगा होता, पण चढत्या गंगेत डोंगा घालणारा माणूस आमच्याकडं जन्माला आला नव्हता.

तरी माणसं तिथं राहिली, कारण मळईची जमीन. पूर ओसरला की गंगा काठावर हातभर गाळ टाकून जायची. त्यात ज्वारी-हरभरा पेरला की वरून पाणी लागत नव्हतं. वाळूत टरबुजं व्हायची. एवढ्यासाठी लोकांनी काय काय सोसलं. गंगेनं गाव दोनदा गिळलं असं म्हातारी माणसं सांगायची. पहिलं गाव कुठं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्याची पांढरी, म्हणजे घरं पडून उरलेली माती, खालच्या घाटाजवळ होती. तिथं पाऊस पडून गेला की खापराचे तुकडे आणि कधी माणसाचे दात सापडायचे. आम्ही राहायचो ते तिसरं गाव. महादेवाचं देऊळ दुसऱ्या गावातलं, त्याचा सभामंडप पाण्यात गेला होता आणि गाभारा उरला होता.

पुढं मी मामाकडं पूर्णेला राहिले. मामा रेल्वेत होता. तिथं मी चार इयत्ता शिकले, तेवढंच माझं शिक्षण. शाळेत भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. मी त्यात आमचं गाव शोधलं. नव्हतं. काढणाऱ्यानं त्या जागी गंगा सरळ काढली होती. वळणच नाही तर गाव कुठून असणार. मास्तर म्हणाले, लहान गावं नकाशात येत नाहीत. सारा मात्र लहान गावांचाही घेत होते.

निजामाचं राज्य आमच्यापर्यंत माघात यायचं, रस्ता वाळल्यावर. साऱ्याचा गिरदावर यायचा, शेतं मोजायचा, कोंबडी खायचा, जायचा. लढाईच्या काळात लेव्हीची माणसं आली आणि पेवातली ज्वारी मोजून नेली. नंतर रझाकारांच्या दिवसांत तर बायका नवस करायच्या की मान लवकर बुडू दे आणि उशिरा उघडू दे. राज्य बदललं तेही भादव्यातच. मान बुडालेली होती. निजाम गेला हे आम्हाला ओढा उतरल्यावर कळलं, तोवर आम्ही एकटेच त्याची रयत होतो.

आता पाणी. गावाला दोन घाट होते. गंगा आधी जिथं लागते तो वरचा घाट, प्यायच्या पाण्याचा. वळसा घालून जिथं निघते तो खालचा घाट. तिथं धुणं, जनावरं, मयताचं. हा नियम चांगला होता. कुणी केला ठाऊक नाही, पण डोक्यानं केला होता. गावात आड एकच, वाण्याच्या अंगणात. वाणी म्हणजे लिंगायत दुकानदार, गावात त्यांचं एकच घर. आडाचं पाणी मचूळ, जिभेला खारट लागायचं. वाण्याच्या घरीही ते घासायला-सांडायलाच वापरायचे. प्यायला सगळे गंगेचंच पाणी भरायचे.

आणि आता गाडा. पटकी, म्हणजे कॉलरा, आली की मरीआईचा गाडा निघायचा. गुडघ्याएवढा लाकडी गाडा, सुतारानं केलेला, चाकंसुद्धा लाकडाची. त्यात मातीची मरीआई, तिला हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, दहीभात. आजार असलेल्या प्रत्येक घरातून एकेक फडकं त्यात टाकायचं. मग सगळं गाव वाजत-गाजत तो गाडा ओढून शिवेपर्यंत न्यायचं आणि पुढच्या गावाच्या हद्दीत लोटून द्यायचं. देवी पुढं गेली, आजार पुढं गेला. पुढचं गाव त्यात आपली भर घालायचं आणि त्याच्या पुढच्या गावात लोटायचं. यात कुणाला पाप वाटत नव्हतं. पाणी जसं उताराला जातं तसा गाडा.

आमची अडचण ही की आमच्या पुढं गाव नव्हतं. पुढं गंगा होती. पल्याडच्या गावानं एकदा आजीच्या काळात काठ्या घेऊन काठ अडवला होता, तेव्हापासून आमच्या गावानं गाडा गंगेत सोडायची रीत पाडली. खालच्या घाटावरून सोडायचा, वाहत जायचा. खाली ज्यांच्या काठाला लागायचा ते आम्हाला शिव्या द्यायचे. पालमच्या बाजारात आमच्या माणसानं गावाचं नाव सांगितलं की दुकानदार म्हणायचा, "आलं का गाडासोडं! सरकून बस रे बाबा, काय सोडून जाईल नेम न्हाई." आमच्या मुलींना सोयरिकी जमायला वेळ लागायचा. माझंही लग्न लांबलं, पण त्याची कारणं दुसरी होती.

गाड्याच्या दोन रिती होत्या. एक, आलेल्या चाकोरीनं गाडा परत फिरवायचा नाही. दुसरी, सोडल्यावर मागं वळून बघायचं नाही आणि त्याचं नाव काढायचं नाही. सोडणारे परत आले की पाटील वेशीत उभा राहून विचारायचा, "गाडा गेला?" त्यांनी एका तोंडानं म्हणायचं, "गेला." झालं. त्यानंतर जो 'गाडा हाय' म्हणेल त्याच्या घरात देवी बसणार. लोक इतके घाबरायचे की त्या दिवसांत शब्दच तोंडात येऊ नये म्हणून बैलगाडीलाही 'चाकं' म्हणायचे. "चाकं जुंपा रे." लहान पोर चुकून बोललं तर त्याच्या थोबाडीत बसायची.

त्या वर्षी जर्मनीची लढाई चालू होती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पोळा झाला होता. वरच्या गावात पटकी होती हे कळलं होतं आणि आमच्याकडं सगळे आभाळाकडं बघत होते की गंगा आधी चढते की गाडा आधी येतो. गाडा आधी आला. वरच्या गावानं भर पावसात ओढत आणला, मानेवरून आमच्या हद्दीत लोटला आणि पळाले. दुसऱ्या दिवशी उजाडता मान बुडाली. त्यांनी काही वावगं केलं नाही. आम्हीही तेच केलं असतं, पुढं गाव असतं तर.

गाडा वेशीबाहेर उभा राहिला. लोकांनी रिवाजाप्रमाणं दहीभात वाढला, फडकी टाकली. तोवर गावात दोघं-तिघं आजारी पडलेच होते. दादा गाडा ओढणाऱ्यांत होते, कारण ते अंगानं मजबूत आणि बोलायला कमी. कुठून सोडायचा यावर वेशीत वाद झाला. मी आजीच्या मागं उभी राहून ऐकत होते. तेव्हा आजी जिवंत होती.

"खालूनच सोडा," एक म्हातारा म्हणाला. "नेहमी खालून सोडतो. धार तोडून नेईल."

"खालची वाट कुठाय?" पाटील म्हणाला. "दरड कोसळून गंगेत गेली. आता खालच्या घाटाला जायचं तर मानेकडच्या रस्त्यानं जावं लागतंय. त्याच रस्त्यानं गाडा आला. म्हंजी आलेल्या चाकोरीवर गाडा फिरला. लागू दे मग घराघराला पटकी."

"आन् वरच्या घाटावरनं सोडला तर? पितो आपण तिथलं."

"पितो तर काय झालं? गाडा काय तिथं मुक्कामाला बसतो व्हय? गंगेचं पाणी हाय, डबक्याचं न्हाई. घटकाभरात पार खालच्या मुलखात धर्मापुरीला पोचंल."

लोक हसले. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं असतं. चाकोरीचा नियम जुना होता आणि घाटाचा नियमही जुना होता. दोन्ही पाळता येत नव्हते, तेव्हा त्यांनी देवीचा पाळला आणि पाण्याचा मोडला.

दादा आणि बाकीचे गाडा वरच्या घाटावर घेऊन गेले, कमरेएवढ्या पाण्यात उतरले, ढकलला आणि मागं न बघता वर आले. पाटलानं विचारलं, "गाडा गेला?" "गेला."

गाडा गेला नव्हता. वरच्या घाटाच्या कडेला काळ्या खडकाआड पाणी उलटं फिरतं. धारेनं गाडा जरा ओढला, मग फिरवला आणि बुडालेल्या बाभळीच्या फांद्यांत आणून बसवला. तिथं पाणी संथ होतं. चढत्या गंगेत घागर भरायची तर तेवढीच एक जागा, बाकीकडं बाई घागरीसकट गेली असती. म्हणजे सगळ्या गावाच्या घागरी गाड्यापासून दहा-पंधरा हातांवर भरायच्या. मायबरोबर मी जायचे. बायका घाटावर उतरायच्या, पाण्याकडं पाठ करायच्या, तोंड गावाकडं ठेवून मागं हात करून घागर बुडवायच्या. हिरव्या लुगड्याचा पदर सुटून पाण्यावर पसरला होता. एकदा तो आमच्या घागरीच्या तोंडाशी आला. मायनं न बघता बोटानं बाजूला सारला आणि घागर डोक्यावर घेतली. मी काहीतरी बोलणार तर तिनं दंडाला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं.

खालच्या घाटाची वाट तुटलेली आणि मानेकडचा रस्ता बुडालेला, त्यामुळं आजाऱ्यांची फडकीही त्याच पाण्यात धुतली जायला लागली. दुसरीकडं जागाच नव्हती.

आधी वेशीजवळच्या घरांना पटकी लागली. मग आजी गेली. तिचं वय झालं होतं, म्हणून आम्ही पटकीचं नाव घेतलं नाही. मग धाकटा. दोन वर्षांचा होता. सकाळी अंगणात कोंबडीमागं पळाला आणि दिवस मावळायच्या आत लाकडासारखा झाला. लोक म्हणायचे, पटकीत पाणी द्यायचं नाही, पाणी दिलं की आतून सुटतं. त्याला दिलं नाही. तो मायच्या ओल्या पदराला तोंड लावून चोखत होता. त्याला पुरायला दादा गेले आणि इकडं माय पडली. इथून मी सुरुवात केली.

तर दादांनी हात खाली घेतला. चुलती जागची हलली नव्हती. ती म्हणाली, "मारा. पण ऐका. गाडा हाय तोवर ते पाणी मरीआईच्या ताटातलं हाय. देवी जेवायली आन् आपुन तिच्या ताटात हात घालायलोत. ती सोडंल व्हय?"

लोक म्हणतात, तुझी चुलती शहाणी होती, तिला जंतू कळले होते. काही कळले नव्हते. ती बाकीच्यांसारखीच मरीआईला मानायची. उलट जास्तच मानायची. बाकीचे देवीला गेली म्हणून फसवत होते आणि ही म्हणत होती की समोर बसलीय तिला गेली कसं म्हणू. फरक एवढाच.

"मंग काय पाजायचं?" दादा म्हणाले. "पाऊस बी थांबलाय."

चुलती रिकामी घागर घेऊन निघाली. मला म्हणाली, "चल, दोर धर." आम्ही वाण्याकडं गेलो. वाणीण दाराशी तांदूळ निवडत बसली होती.

"अक्का, घागरभर पाणी द्या वढून. आडाचं."

"आडाचं?" वाणीण हसली. "आमची म्हैस तोंड वळवती त्याला."

"म्हशीला वळवू द्या. मला द्या."

"दारात गंगा हाय आन् आडाचं पाणी मागायलीस. लोक म्हणतील, वाण्यानं आता पाण्याचं दुकान काढलं. उद्या मापात पाणी मारतो म्हणतील, ते तर आताच म्हणतेत."

"अक्का, गंगेत गाडा हाय."

वाणिणीचा हात सुपातच थांबला. तिनं दाराची एक फळी ओढून घेतली, मला वाटलं आता दुसरीही ओढणार. फळीआडून म्हणाली, "मी काय ऐकलं न्हाई. घागर पायरीवर ठीव आन् मागं हो. मी वरून वतते. शिवू नको." आमचा दोर लागलाच नाही, तिनं तिच्या पोहऱ्यानं शेंदून वरून ओतलं. त्या दिवसापासून वाण्याच्या घरातलं कुणी घाटावर दिसलं नाही. त्यांनी कुणाला काही सांगितलंही नाही.

चुलतीनं मायला ते खारट पाणी पाजलं. पळीनं. माय ओकायची, चुलती तोंड पुसायची आणि पुन्हा पळी लावायची. पाणी देऊ नये हे तिलाही माहीत होतं. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "धाकट्याला न्हाई दिलं. काय झालं?" दुसऱ्या दिवशी मायला थोडं मुतायला झालं. चुलतीनं ते जाऊन दादांना सांगितलं, सण असल्यासारखं. दादा ओसरीवर बसले होते. आडाचं पाणी तेही प्यायले.

गावात पाण्याची घागर लपत नाही. आमच्या घरची बाई घाटावर येत नाही, वाण्याच्या दारातून घागर नेते, हे संध्याकाळपर्यंत पाटलाच्या कानावर गेलं. दुसऱ्या सकाळी तो चार माणसं घेऊन अंगणात आला. त्याच्याही घरात सून पडली होती. त्याचे डोळे तांबारले होते.

"ह्या घरातून काय बोलणं बाहेर पडायलंय?" तो म्हणाला.

"बोलणं न्हाई पाटील," चुलती आतून म्हणाली. "बाहेर पडायलेत ती मढी."

"तुला इचारलं न्हाई. कर्त्याला इचारायलोय." तो दादांकडं वळला. "गाड्याला तूच हात लावला होता. येशीत मी इचारलं, तू सांगितलं. आता गावासमोर सांग. गाडा गेला का न्हाई?"

दादा उभे राहिले. मी दाराच्या कडीला धरून होते. त्यांचं तोंड मला एका बाजूनं दिसत होतं. 'नाही गेला' म्हटलं असतं तर ओढणारे सगळे खोटे ठरत होते आणि गावातली सगळी मयतं आमच्या दारात येत होती. घर वाळीत पडलं असतं. मान बुडालेली असताना गावाबाहेर काढणं म्हणजे पाण्यात ढकलणं. शिवाय ते खोटं बोलणारे नव्हते. एकदा बोललेलं खोटं त्यांना खरं करावंच लागत होतं.

"गेला," दादा म्हणाले.

"मंग पाणी कंचं पितोस?"

दादांनी उंबऱ्याकडं बघितलं.

"कंचं पितोस?"

"गंगेचं."

पाटलाबरोबरच्या एकाच्या हातात तांब्या होता. घाटावरूनच आला असेल. त्यानं तो पुढं केला. दादांनी तो घेतला, तोंड वर केलं आणि पाणी ओतून घेतलं. आतून मायला दिसत होतं. तिला आवाज नव्हता, तिनं हात वर केला आणि तो तसाच धरून ठेवला. दादांनी तांब्या रिकामा करून परत दिला. पाटील म्हणाला, "झालं तर मग," आणि ते गेले. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही.

चुलती बाहेर आली. "थुका," ती म्हणाली. "बोट घाला घशात. आत्ताच्या आत्ता."

"प्यालो ते प्यालो, वैनी," दादा म्हणाले. "एका तांब्यानं काय होतंय. समदं गाव पितंय."

"समदं गाव मरायलंय!"

"मंग समद्यासंगं."

असं बोलून ते बैलांना वैरण घालायला गेले. मला वाटतं त्यांना स्वतःलाही खरंच वाटत होतं की काही होणार नाही. मी बरीच वर्षं विचार केला की त्यांनी ते कुणासाठी केलं. आता करत नाही.

त्यांना पुढच्या दिवशी लागली. चुलती एक पळी मायला, एक दादांना अशी पाणी पाजत बसली. मायच्या पोटात पाणी ठरायला लागलं होतं. दादांच्या पोटात ठरलं नाही. माणूस जितका अंगापिंडानं मोठा तितका लवकर वाळतो, असं तेव्हा मला दिसलं. बोटांची कातडी धोब्याच्या बोटांसारखी झाली. पाटील बघायला आला नाही. वाणीण मात्र न मागता घागर पायरीवर आणून ठेवायची आणि आत पळायची.

दादांना जाळायला कोरडं सरपण नव्हतं. चुलतीनं घरातली बाज दिली आणि नांगर दिला. शेजारचा म्हणाला, "नांगर कशाला, पुढं पेरायला लागंल." ती म्हणाली, "पेरणार कोण?" बाज आणि नांगर जळायला पुरे पडले नाहीत. उरलेलं गंगेत सोडलं.

मग गंगा उतरली. ओढा उघडा पडला. पहिला माणूस आला तो सरकारी टोचणीवाला, घोड्यावर, बरोबर एक जवान. त्यानं सगळ्यांच्या दंडाला सुई टोचली. मग म्हणाला, विहिरीत लाल दवा टाकायचीय, विहीर कुठाय? गावात विहीर म्हणजे वाण्याचा आड. त्यानं पुडीतली दवा त्यात टाकली, पाणी जांभळं झालं, त्यानं वहीत लिहून घेतलं आणि गेला. एवढ्या गावात जे एक पाणी चांगलं होतं त्याला औषध देऊन गेला. गंगेत टाकायला त्याच्याकडं पुडी पुरणार नव्हती.

गाडा चिखलात बाभळीला टेकून उभा होता. एक चाक निघालं होतं, आतली मरीआई विरघळून गेली होती. लोक शेजारून जायचे आणि बघायचे नाहीत. चुलतीशीही तसंच वागायचे. तिनं नाव काढलं म्हणून देवी त्या घरात बसली आणि कर्ता नेला, हा निकाल होता. तिला लोकांनी शेवटपर्यंत हळदीकुंकवाला तर नाहीच, पण दळणकांडणालाही बोलावलं नाही. पण त्यातल्याच बायका पुढच्या पावसाळ्यात वाण्याच्या पायरीवर घागरी ठेवायला लागल्या. का ते कुणी बोललं नाही. म्हणायच्या, आडाच्या पाण्यात डाळ चांगली शिजते. मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही, हे चूल पेटवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे.

गाडा पुढच्या पुरात गेला. कधी गेला कुणी पाहिलं नाही, पाहिलं असेल तर सांगितलं नाही.

शेत खंडानं दिलं. मामा येऊन मला पूर्णेला घेऊन गेला. माय आणि चुलती त्या घरात राहिल्या. दोघींचं पटत नव्हतं. माय म्हणायची, तुमी बोलल्या नसत्या तर ते आले नसते आणि ह्यांनी तांब्या घेतला नसता. चुलती म्हणायची, मी बोलले नसते तर तू हे बोलायला उरली नसतीस. दोन्ही खरं होतं.

वेशीजवळच्या घरांत एकेक दोन-दोन माणसं उरली, काही दारं कायमची लागली. पाटील जगला, त्याची सून गेली. वाण्याच्या घरातले सगळे जगले. आमच्या घरातली आजी गेली, धाकटा गेला, दादा गेले. माय जगली, चुलती जगली आणि मी जगले.